अकरा ढीग

सर्वेशने मूठभर तूरडाळ फरशीवर भिरकावली आणि मोबाईल समोर धरून विचारलं, "चंद्रामावशी, सांगा बरं, किती दाणे?"

माझी धाकटी बहीण चंद्रप्रभा त्या डाळीकडे बघत राहिली. मग खाली वाकली आणि एकेक दाणा उचलून पदरात टाकू लागली. जमिनीवर डाळ सांडलेली तिला चालत नाही.

"न्हाई न्हाई, उचलायचं न्हाई हो! नुसतं बघून सांगायचं. एका नजरेत." सर्वेश माझ्याकडे वळला. "तुळजाअक्का, तुम्ही सांगा ना तिला."

"दादा, तिला शंभराच्या पुढं मोजता येत न्हाई," मी म्हणाले. "मला येतं. मी मोजू का?"

त्याने मोबाईल खाली घेतला. त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मीच त्याला काहीतरी कमी वाढलं असं मला वाटलं.

सर्वेश हा आमच्या डाळमिलचे मालक शिवमूर्तीअप्पा यांचा नातू. अप्पा आता थकले, गादीवर येत नाहीत. कारभार सर्वेशकडे. चंद्रा कोणाशी फारसं बोलत नाही, कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, ठरलेल्या जागेवरच बसते, हे तो लहानपणापासून बघत होता. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण दिवाळीत त्याने मोबाईलवर काहीतरी पाहिलं आणि पळत आला. "अक्का, ह्याला ऑटिझम म्हणतात! स्वमग्न! ही माणसं जीनियस असतात. त्यांच्या डोक्यातला प्रोसेसरच वेगळा असतो."

मी म्हणाले, "असंल बाबा."

काय बोलायचं? चंद्रा आता एकोणपन्नास वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत तिला काय झालंय हे सांगणारे मला शंभर भेटले. आईने पोटुशी असताना ग्रहण पाहिलं, असं गावात म्हणायचे. भूकंपानंतर किल्लारीकडचं आमचं गाव सोडून आम्ही लातूरला आलो, तर इथल्या लोकांनी ठरवलं की हिने भूकंपाचा धसका घेतला. मी सांगून थकले की अहो, भूकंपाच्या आधीही ही अशीच होती. एका डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती दोन महिने झोपून राहिली आणि उठली ती हातापायांच्या काड्या घेऊन. त्या दिवशी मी गोळ्या मोरीत ओतल्या. कोणी येडी म्हणालं, कोणी देवीचं माणूस म्हणून पाया पडलं. आता ही जीनियस निघाली होती. नुसती डाळ निवडणारी बाई म्हणून तिला कोणी राहूच देईना.

आणि डाळ निवडण्यात तरी ती काय मोठी होती? खरं सांगते, आम्हा निवडणाऱ्या बायांत सगळ्यात चलाख हात दिपालीचा. चंद्राच्या डाळीत खडा सापडायचा नाही हे खरं, पण बाकीच्यांचा पूर्ण कट्टा, म्हणजे पोतंभर डाळ, व्हायचा तेव्हा हिचा अर्धा. अप्पा तिला कधी त्यावरून बोलले नाहीत, एवढंच.

निवडणीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बाया ओळीने बसायच्या. मी त्यांची मुकादम. अक्षरं मी बेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात शिकले, कारण हजेरी लिहायला कोणीतरी हवं होतं. चंद्रालाही मी त्या वर्गात नेऊन बसवलं होतं. बाईंनी फळ्यावर अक्षर काढलं की ही पाटीवर हुबेहूब काढायची. फळ्यावर बाईंच्या हाताने फासलेला खडूचा डागसुद्धा काढायची. वाचता मात्र एक अक्षर आलं नाही. बाई म्हणाल्या, "वळण काय सुंदर आहे हो!" मी म्हणाले, "बाई, वळणाला काय करू?"

तर येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं लातूर शेतात जाऊन भज्जी-आंबील जेवून आलं आणि दुसऱ्या दिवशी सर्वेशने बायांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. निवडायला मशीन येतंय. बाया रडल्या, भांडल्या, मालकाच्या खानदानाचा उद्धार करून गेल्या. मला आणि चंद्राला तेवढं ठेवलं. मला वाटलं, अप्पांची दया. तसं नव्हतं. मशीनला आधी शिकवावं लागतं म्हणे. चांगला दाणा कोणता, डागी कोणता, खडा कोणता, हे कोणीतरी माणसाने निवडून दाखवायचं, त्याचे फोटो काढायचे, मग ते शिकतं. आणि सर्वेशच्या मते शिकवायला चंद्रासारखं माणूस साऱ्या मराठवाड्यात नव्हतं.

मी त्याला एकच विचारलं, "मशीन शिकल्यावर हिची जागा?"

"बघू ना अक्का. काहीतरी करू."

या 'बघू'नेच माझा जीव खाल्ला. मला पगाराचं काही नव्हतं. सकाळी नऊ वाजता चंद्रा तिच्या जागेवर बसली तर तिचा दिवस पार पडतो. नाही बसली तर ती जेवत नाही, मनगटं चावते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी तिला मिलच्या फाटकापर्यंत नेऊन, कुलूप दाखवून परत आणते. मी सहासष्टची झाले. उद्या मी गेले तर तिला बसायला एक ठरलेली जागा पाहिजे, आणि ती या मिलशिवाय कुठे नव्हती.

मशीनबरोबर पुण्याहून वरद नावाचा इंजिनिअर आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, सालस. मला अहोजाहो करायचा. रिकाम्या खोलीत त्याने कॅमेरे लावले, चंद्राच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे ट्रे ठेवले, मधे डाळीचा कट्टा ओतला. "मावशी, चांगला माल इकडे, खराब तिकडे. बस."

चंद्राने ट्रेंकडे पाहिलंही नाही. ते उचलून भिंतीला उभे केले. मग सुपाने डाळ घेऊन तिने ओळीने ढीग घातले. एक, दोन, तीन, असे अकरा. मग या ढिगातले चार दाणे त्या ढिगात, त्यातले दोन ह्यात, असं दुपारपर्यंत चालू. चौथ्या आणि पाचव्या ढिगात मात्र हातभर जागा मोकळी सोडली. सगळं मनासारखं झाल्यावर ती आपल्या तरटावर जाऊन मांडीत हात ठेवून बसली.

"अगं, ह्याच्यात खडे दिसतेत की," मी म्हणाले. "खडे तरी काढ!"

"मावशी, प्लीज, त्यांना डिस्टर्ब करू नका," वरद कुजबुजला. "त्या दोनात नाही, अकरा प्रकारांत विभागतायत."

"खड्यासकट?"

"त्यातही काहीतरी पॅटर्न असेल."

दुसऱ्या दिवशी अकरा ढीग. तिसऱ्या दिवशीही अकरा. मधली जागा तेवढीच. वरदने टेप लावून ती जागा मोजली. सर्वेशने तर मोबाईलवर टाकूनही दिलं, 'अकरा छटा पाहणारी लातूरची मावशी'. हजारो लोकांनी पाहिलं म्हणे. मी चंद्राला घरी रागावले, गूळ-शेंगदाण्याची लालूच दाखवली, दोन वाट्या समोर ठेवून समजावलं, "हे बघ, चांगलं हितं, वाईट तितं. दोनच. लई सोपं हाय." ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

माझं डोकं उठलं होतं. मी वरदला म्हणाले, "तुमच्या ह्या डब्याचं डोकं कुठं असतंय, ते तरी दाखवा मला."

त्याने मशीनचं झाकण उघडून दाखवलं. तारांच्या जंजाळात एक चौकोनी तुकडा. आपल्या साध्या बिस्किटाएवढा. त्यात काही कोटी-अब्ज बारीक खटके आहेत, म्हणाला. एका मिनिटात लाखो दाणे बघतं. खराब दिसला की हवेची फुंकर मारून उडवतं.

"जेवत न्हाई?"

"नाही."

"मुतायला उठत न्हाई, पोरगं आजारी म्हणून रजा मागत न्हाई."

तो हसला. "नाही मावशी."

"मग मालकाला आवडंलच की. आणि एवढं हुशार बिस्किट, त्याला खडा कोणता हे आमच्या येडीनं सांगायचं?"

"तुम्ही त्यांना येडी का म्हणता?" तो जरा दुखावून म्हणाला.

"मी म्हणते. मी तिला न्हाऊ घालते, मी म्हणणार. तुम्ही जीनियस म्हणता, तुम्ही काय करता?"

तो मशीनचं झाकण परत लावू लागला. मला नंतर वाईट वाटलं. पोरगा खरंच चांगला होता. डबा खाताना माझ्या पुढ्यातही चपाती ठेवायचा.

आठव्या दिवशी तो लॅपटॉपपुढे डोकं धरून बसला होता. तिसऱ्या ढिगात आणि सातव्या ढिगात फरक काय हे त्याच्या मशीनला काही केल्या सापडत नव्हतं. सगळे ढीग सारखेच दिसत होते. "म्हणजे आमचा कॅमेराच कमी पडतोय," तो म्हणाला. "त्यांना जे दिसतंय ते याला दिसत नाही."

तेवढ्यात दिपाली आली. तिचं सूप खोलीत राहिलं होतं. घरचं, तिच्या सासूने विणून घेतलेलं.

"काय अक्का, जादूचे खेळ करायलात म्हणं तुम्ही!" ती दारातूनच ओरडली. "मोबाईलवर बघितलं मी. माझं सूप तेवढं द्या, मंग काय करायचं ते करा."

चंद्रा उठली. ती कोणाला हात लावत नाही. दिपालीच्या पुढे जाऊन उभी राहिली, मग सातव्या ढिगापाशी गेली आणि ढिगामागची फरशी तळहाताने थोपटली.

"काय गं?" दिपाली म्हणाली.

चंद्राने पुन्हा थोपटलं.

दिपाली हसत हसत जाऊन तिथे बसली. भिंतीला पाठ लागली तशी म्हणाली, "अगं बाई, ही तर माझीच जागा! अक्का, मी हितंच बसायचे न्हाई का?" आणि सवयीने तिचा हात ढिगात गेला. खडा काढून तिने मागे टाकला. चंद्राने ते पाहिलं आणि मगच आपल्या तरटावर जाऊन, आठ दिवसांत पहिल्यांदा, डाळ निवडायला घेतली.

माझ्या डोळ्यासमोर हजेरीची वही उभी राहिली. अकरा बायांची अकरा नावं. पहिला ढीग दाराशी, तो उदगीरवालीचा. दुसरा तिच्या जावेचा. सातवा दिपालीचा. रोज सकाळी कामाला लागण्याआधी मी प्रत्येकीपुढे डाळ ओतायची, आणि माझे गुडघे गेल्यापासून ते काम चंद्राच करायची. वाटे सारखे पडले पाहिजेत, नाही तर बाया भांडायच्या. इकडचे चार दाणे तिकडे घालून ती वाटे सारखे करत होती. सगळ्याजणी बसल्याशिवाय निवडायला लागायचं नाही, ही पद्धतही माझीच. ती आठ दिवस बायांची वाट बघत होती. एकीचा हात चालू झाला, तेवढ्यावर तिने सुरुवात केली.

आणि चौथ्या-पाचव्यामधली जागा कोंडाबाईची. दोन वर्षांमागे ती वारली. तिच्या जागी बाई घ्या, असं मालकांनी मला दोनदा सांगितलं होतं, मी घेतली नव्हती.

मी वरदला सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती. हे परक्या पोराला कळलं नाही ते ठीक, पण मी तिच्याबरोबर एका ताटात जेवते.

"म्हणजे... त्यांनी निवडलंच नाही?" वरद म्हणाला.

"न्हाई."

"एकही दाणा?"

"वाटे घातलेत बाबा. निवडणं पुढं असतंय."

तो डाळीच्या कट्ट्यावर बसला. आठ दिवसांचे फोटो वाया गेले होते. दिपाली आधी हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली, मग सूप घेऊन निघून गेली.

सर्वेशचा पारा चढला. शुक्रवारी मशीनची पूजा, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली. "अक्का, तुम्हाला एवढंही कळलं न्हाई? सख्खी बहीण हाय तुमची!"

"मी पहिल्या दिवशीच म्हणाले होते की खडे दिसतेत. तुम्हीच मला गप्प बसवलं." मग मी आवाज खाली आणला. "दादा, मी निवडते. दोनच ढीग, तुम्हाला पाहिजे तसे. गुरुवारपर्यंत करून देते. पण हिला ह्या मिलमधी जागा पाहिजे. पगार नसला तरी चालंल. 'बघू' म्हणायचं न्हाई."

त्याने वरदकडे पाहिलं. वरद म्हणाला, "मशीनने उडवलेल्या मालात थोडे चांगले दाणेही जातात. ते परत निवडायला कोणीतरी लागेलच."

"ठीक हाय," सर्वेश म्हणाला. "दिली जागा."

तीन दिवस मी निवडत होते. चांगला, वाईट. चांगला, वाईट. पहिल्या दिवशी मन लावून केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान धरली, तसा अर्धवट डागी दाणा दिसला की कधी इकडे टाकला, कधी तिकडे. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी वरदला सांगितलं, "तुमच्या बिस्किटाला आता माझा मोतीबिंदू लागला म्हणून समजा." तो म्हणाला, "चालेल मावशी, त्यालाही अंदाजेच कळतं." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. एवढ्या अकरा बाया घरी बसवल्या, त्या अंदाजासाठी?

शुक्रवारी नारळ फुटला. सर्वेशने चंद्राच्या गळ्यात हार घालून तिला मशीनशेजारी उभं केलं आणि पाहुण्यांना सांगितलं की ह्या मशीनला ह्या मावशींनी शिकवलं. टाळ्या झाल्या. मी मागे पेढ्यांचं ताट धरून उभी होते. मला त्याचं काही नव्हतं. चंद्रा हारातल्या झेंडूच्या पाकळ्या एकेक करून काढत होती, त्या खाली पडू नयेत म्हणून मी ताट पुढे केलं. वरद जाताना माझ्या पाया पडला. चंद्राच्या पुढे थोडा वेळ नुसता उभा राहिला, हात जोडावेत की नाही ते त्याला ठरवता येईना.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही कामावर गेलो. बायांच्या ओळीच्या जागेवर आता मशीन बोल्टांनी घट्ट बसवलं होतं. चंद्राची जागा पलीकडच्या कोपऱ्यात, उडवलेला माल पडतो त्या नळीखाली. प्लास्टिकचं नवं स्टूल दिलं होतं. तिने ते सरकवलं आणि आपलं तरट अंथरून बसली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं एकदाचं.

मग मशीन सुरू केलं. ही खोली मुख्य मिलपासून लांब होती, चोवीस वर्षं तिथे सुपाच्या आवाजापलीकडे आवाज नव्हता. आता हवेच्या त्या फुंकरा ताड् ताड् वाजू लागल्या, जसा कोणी जोंधळा भाजतंय आणि तो संपतच नाही. फरशी तळपायांना थरथरत होती. चंद्राने कानांवर हात ठेवले. मी पळत जाऊन कापूस आणला, तिच्या कानात घातला. तिने तो काढून टाकला. पुन्हा घातला. ती उठली, मी खांदा दाबून बसवलं. ती परत उठली. तिसऱ्या वेळी तिने तरटाची घडी घातली, ते काखेत मारलं, चपला घातल्या आणि दाराबाहेर चालू लागली.

"अगं ए चंद्रे! बाय माझे, थांब!" मी मागे धावले. माझे गुडघे धावायचे राहिलेत का? "अगं, तुझ्या जागेसाठी मी डोळे फोडले! मालकाच्या नाकदुऱ्या काढल्या! मोठी आली जीनियस! सवय हुतीय की हळूहळू! माझ्यामागं काय करणार हाईस तू? कुठं बसणार हाईस?"

वॉचमन हसत होता. त्यालाही चार शिव्या दिल्या. चंद्रा फाटकातून बाहेर पडली होती.

मिलसमोरचा रस्ता मोठा आहे, सारखी वाहनं. चोवीस वर्षं मी तिचं मनगट धरून तो रस्ता ओलांडला आहे. ती कडेला थांबली. माझ्यासाठी नाही, उसाचा ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या मागे. मी धापा टाकत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण दम नव्हता.

"उद्या न्हाई," ती म्हणाली.

वर्षातून चार-पाच वेळा बोलणारी बाई. "यायचं न्हाई? मंग कुठं, चंद्रे?"

दुसरी ट्रॉली गेली. तिने एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे, आणि काखेतलं तरट सावरून एकटीने रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर ती वळली आणि मी येईपर्यंत तिथेच उभी राहिली.